पहिला वॅट जपा : संवेदनशील स्पीकरांसाठी जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर कसा निवडावा

खानदेशात मोठ्या आवाजाच्या स्पीकरांची कमतरता कधीच नव्हती. एकपडदा चित्रपटगृहे बंद पडत गेली तसे पडद्यामागचे हॉर्न आणि लाकडी बॉक्स भंगारातून हौशी लोकांच्या ओसरीवर आले. कोणी बारा-पंधरा इंची स्पीकर आणून गावच्या सुताराकडून पेट्या करून घेतल्या, तर कोणी क्लिप्शसारख्या कंपनीची तयार जोडी विकत घेतली. स्पीकर घरात आला की पुढचा प्रश्न त्याला चालवायचे कशावर हा असतो, आणि या प्रश्नाला दुकानदार सहसा वॅटमध्ये उत्तर देतो. कमी संवेदनशील स्पीकरांच्या बाबतीत ते उत्तर बरेचसे बरोबर असते. जास्त संवेदनशील स्पीकरांच्या बाबतीत मात्र वॅटचा आकडा ही शेवटून दुसरी पाहण्याची गोष्ट आहे. हा लेख प्रथमच जुना ॲम्प घेणाऱ्यांसाठी असून कोणत्या क्रमाने काय तपासावे ते त्यात सांगितले आहे.

आधी स्पीकर ओळखा

स्पीकरची संवेदनशीलता म्हणजे त्याला एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो ते. आठ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की बरोबर एक वॅट होतो, म्हणून माहितीपत्रकात अनेकदा २.८३ व्होल्ट असे लिहिलेले असते. स्पीकर चार ओहमचा असेल तर त्याच २.८३ व्होल्टला दोन वॅट खर्च होतात आणि आकडा ३ डेसिबलने फुगलेला दिसतो. हे वजा करूनच तुलना करावी. घरगुती लहान स्पीकर साधारण ८५ ते ८८ डेसिबलचे असतात. ९५ आणि त्यापुढचे स्पीकर या लेखाच्या कक्षेत येतात, आणि चांगले हॉर्न शंभरच्याही पुढे जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे ओहम. चित्रपटगृहातले जुने स्पीकर पुष्कळदा १६ ओहमचे असतात आणि त्यांवरचा कागद केव्हाच गेलेला असतो. अशा वेळी मल्टिमीटर थेट वूफरच्या (खर्जाच्या मोठ्या स्पीकरच्या) टोकांना लावावा. मीटरवर दिसणारा आकडा नेहमी नाममात्र ओहमपेक्षा कमी असतो : सहाच्या आसपास दिसले तर स्पीकर ८ ओहमचा, अकरा-बाराच्या आसपास दिसले तर १६ ओहमचा समजावा. हॉर्नचे युनिट क्रॉसओव्हरमधल्या, म्हणजे वूफर आणि हॉर्नला आवाज वाटून देणाऱ्या जोडणीतल्या, कंडेन्सरच्या मागे असते, त्यामुळे बाहेरच्या टर्मिनलवरून त्याचे माप येत नाही. ते सोडवूनच मोजावे लागते. ट्रान्झिस्टर ॲम्पला १६ ओहम चालतात, फक्त त्याचा वॅट निम्म्यावर येतो. ट्यूब ॲम्पला मात्र मागच्या बाजूला ४, ८, १६ असे वेगवेगळे टॅप असावे लागतात आणि योग्य टॅपलाच तार जोडावी लागते.

वॅटचा हिशेब

समजा स्पीकर ९६ डेसिबलचा आहे आणि बसण्याची जागा तीन मीटरवर आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात, म्हणून तीन मीटरवर सुमारे साडेनऊ डेसिबल घटतात. दोन स्पीकर असल्याने तीन डेसिबल परत मिळतात, भिंतींमुळेही थोडे मिळतात. म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक वॅट दिला की कानाशी जवळजवळ ९० डेसिबल पोहोचतात. घरात माणूस ७५ डेसिबलच्या आसपास ऐकतो. वॅट दहापट कमी केला की आवाज १० डेसिबलने उतरतो, या नियमाने ७५ डेसिबलला एका वॅटचा तिसावा भाग पुरतो. तबल्याची थाप किंवा ढोलाचा ठोका सरासरीच्या वीस डेसिबल वर उसळला, तरी तो क्षण तीन-साडेतीन वॅटांत भागतो.

हाच हिशेब ८६ डेसिबलच्या स्पीकरसाठी केला तर तीनाऐवजी तीस-पस्तीस वॅट लागतात. ज्याने आयुष्यभर असेच स्पीकर वाजवले आहेत, त्याने शंभर वॅटचा आग्रह धरावा यात नवल नाही. पण तुमच्या स्पीकरला दहा वॅटांचा प्रामाणिक ॲम्प पुरतो आणि वीस वॅटांत पाहुणे, लग्नघर सगळे निभावते.

‘प्रामाणिक’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. अमेरिकेत १९७४ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने वॅट कसे मोजावेत याचा नियम केला. त्याआधीच्या यंत्रांवर ‘म्युझिक पॉवर’ नावाचे फुगवलेले आकडे सापडतात. आपल्याकडे नव्वदच्या दशकात पीएमपीओ या क्षणिक कमाल ताकदीच्या आकड्याने त्याहून मोठी करामत केली, आणि हजार-हजार वॅट लिहिलेल्या डब्यांत आठ-दहा वॅटांची आयसी निघाली. आकडा ८ ओहमला, दोन्ही चॅनल एकाच वेळी चालू असताना आणि आरएमएस (सतत देता येणारी ताकद) म्हणून दिलेला असेल तरच हिशेबात धरावा.

पहिला वॅट

आता मुख्य मुद्दा. तुमचा ॲम्प बहुतेक वेळ एका वॅटच्या खालीच राहणार असेल, तर त्या एका वॅटची शुद्धता पाहायला हवी. ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो आणि खालचा दुसरा. एकाकडून दुसऱ्याकडे काम सोपवताना जो खळगा पडतो त्याला क्रॉसओव्हर विकृती म्हणतात. स्पीकरच्या क्रॉसओव्हरशी तिचा संबंध नाही. मोठ्या आवाजात हा खळगा एकूण लहरीच्या मानाने नगण्य ठरतो, पण बारीक आवाजात तोच ठळक होतो. माहितीपत्रकातली विकृतीची टक्केवारी सहसा पूर्ण वॅटला मोजलेली असते, त्यामुळे हा दोष कागदावर दिसत नाही.

तो झाकण्यासाठी दोन्ही ट्रान्झिस्टर संगीत नसतानाही थोडे चालू ठेवतात. त्या प्रवाहाला बायस म्हणतात. बायस ५० मिलिअँपियर असेल तर आठ ओहमच्या स्पीकरला साधारण ०.०४ वॅटपर्यंत दोन्ही ट्रान्झिस्टर एकत्रच काम करतात आणि खळगा पडतच नाही. वर काढलेला एका वॅटचा तिसावा भाग म्हणजे ०.०३ वॅट. म्हणजे बायस जागेवर असलेला साधा ॲम्पसुद्धा तुमच्या घरच्या ऐकण्यात जवळजवळ सगळा वेळ ‘क्लास ए’मध्ये राहतो. हाच बायस चाळीस वर्षांत घसरून पाच मिलिअँपियरवर आला, तर ही मर्यादा शंभरपटीने खाली येते आणि नामांकित कंपनीचा ॲम्पही हॉर्नवर कोरडा, किरकिरा वाजतो. ग्राहक मग हॉर्नला नावे ठेवतो.

याची परीक्षा घेण्यासाठी तानपुऱ्याइतके चांगले साधन नाही. नुसत्या तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण अगदी हळू, शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही इतक्या आवाजात लावावे. जवारी नीट उमलत असेल, तार छेडल्यानंतर स्वर सावकाश विरत असेल, तर बायस ठीक आहे. विरता विरता स्वराला काचेची धार येत असेल किंवा तो मध्येच तुटल्यासारखा बंद होत असेल, तर दोष आहे. असा दोष दुरुस्त होतो. आतल्या ट्रिमपॉटने (स्क्रूड्रायव्हरने फिरवायच्या छोट्या रेझिस्टरने) बायस परत लावता येतो, मात्र ते काम सर्व्हिस मॅन्युअलमधले माप पाहून आणि एमिटर रेझिस्टरवर मीटर लावूनच करावे. कानाने बायस लावणारा कारागीर टाळावा.

नीरवता

संवेदनशील स्पीकर संगीताइतक्याच इमानाने ॲम्पची सळसळही ऐकवतो. विक्रेत्याच्या ८६ डेसिबलच्या स्पीकरवर मुकाट वाटणारा ॲम्प तुमच्या शंभर डेसिबलच्या हॉर्नवर १४ डेसिबल जास्त सळसळतो, आणि उन्हाळ्याच्या दुपारी खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत ते बसल्या जागी ऐकू येते.

माहितीपत्रकातले सिग्नल-नॉइजचे (संगीत आणि सळसळ यांच्यातल्या फरकाचे) आकडे इथे थोडे तपासून घ्यावे लागतात, कारण ते पूर्ण वॅटच्या तुलनेत दिलेले असतात. शंभर वॅटच्या ॲम्पला १०० डेसिबल लिहिले असेल, तर एका वॅटच्या तुलनेत ते ८० डेसिबलच राहतात. दहा वॅटच्या ॲम्पला ९० लिहिले असेल, तर तेही एका वॅटच्या तुलनेत ८० डेसिबलच. कागदावर दहा डेसिबलने हरलेला छोटा ॲम्प तुमच्या खोलीत बरोबरीत असतो.

खरी तपासणी कानानेच होते. जळगावच्या गोलाणी मार्केटात जा, सुरतेला किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा, स्वतःचे बॉक्स कोणी रेल्वेतून नेत नाही. पण एक छोटे हॉर्नचे युनिट आणि त्याच्याशी सिरीजमध्ये जोडलेला ४.७ मायक्रोफॅरडचा, ध्रुव नसलेला कंडेन्सर पिशवीत सहज मावतो. ॲम्पच्या टर्मिनलला ते जोडावे, इनपुट काहीही देऊ नये आणि व्हॉल्यूम शून्यावर ठेवून कान जवळ न्यावा. या स्थितीत जी सळसळ येते ती पॉवर विभागाची. आता व्हॉल्यूम हळूहळू वाढवावा. वाढणारी सळसळ प्रीॲम्पची, म्हणजे पॉवर विभागाच्या आधीच्या भागाची असते. मध्येच फटफट, तडतड असे आवाज आले तर एखादा ट्रान्झिस्टर गळतो आहे असे समजावे. सर्वसाधारण सळसळीपेक्षा हा दोष बरा, कारण भाग बदलला की तो जातो. गुणगुण, म्हणजे हम, मात्र या युनिटवर कळत नाही. ५० किंवा १०० हर्ट्झचा हम मोठ्या वूफरमधूनच येतो, तेव्हा विक्रेत्याकडचा मोठ्यात मोठा स्पीकर लावून त्याच्या शंकूशी कान न्यावा. हम बहुधा थकलेल्या फिल्टर कंडेन्सरचा किंवा अर्थिंगचा असतो.

व्हॉल्यूमचा खटका

नवख्यांना न सांगितलेली एक अडचण अशी की आवाजाचे बटण जेमतेम हलवले तरी घर दणाणते. जुन्या जपानी ॲम्पचे ऑक्स इनपुट साधारण १५० मिलिव्होल्टला पूर्ण वॅट देईल असे केलेले असते, आणि आजचे सीडी प्लेयर किंवा डॅक (डिजिटल संगीताचा सिग्नल करून देणारा डबा) दोन व्होल्ट सोडतात. त्यात स्पीकर शंभर डेसिबलचा. मग बटण घड्याळातल्या सात आणि आठ यांच्या मध्येच अडकते, आणि नेमक्या याच पट्ट्यात जुन्या पॉटचे (बटणामागच्या बदलत्या रेझिस्टरचे) दोन चॅनल सारखे नसतात. गायक एका बाजूला सरकतो. ‘लाउडनेस’ बटणाचेही तसेच. आवाजाचे बटण खाली असताना खर्ज वाढवण्यासाठी ते केलेले असल्याने तुमच्याकडे ते कायमच जास्तीत जास्त खर्ज ओतते. ते बंदच ठेवावे.

उपाय स्वस्त आहे. इनपुटच्या तारेत दर चॅनलला १० किलोओहम सिरीजमध्ये आणि १.१ किलोओहम जमिनीकडे असे दोन रेझिस्टर लावले की २० डेसिबल कमी होतात. काही ॲम्पवर ‘म्यूटिंग −२०’ अशी कळ मुळातच असते, तिचाही उपयोग होतो. पण याने बटण वर येते, ॲम्पची स्वतःची सळसळ कमी होत नाही. ज्या ॲम्पच्या मागे ‘प्री आउट’ आणि ‘मेन इन’ वेगळे दिलेले असून त्यांच्यामध्ये धातूचे पूल असतात, तिथे हेच दोन रेझिस्टर त्या पुलांच्या जागी घालावेत. मग प्रीॲम्पची सळसळही वीस डेसिबलने खाली जाते. ट्यूबच्या प्रीॲम्पला १० किलोओहमचा भार जड होतो, तिथे ४७ आणि ५.१ किलोओहम घ्यावेत. माझ्या मते संवेदनशील स्पीकरवाल्याने हे पूल असलेला ॲम्प इतर चार गोष्टी सोडून निवडावा.

ट्यूब, ट्रान्झिस्टर की एसटीके

ट्यूबचे ॲम्प आणि हॉर्न ही जोडी एकाच काळात वाढली. क्लिप्शहॉर्न १९४६ चा, ऑल्टेकचे चित्रपटगृहांसाठीचे ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ स्पीकर १९४५ चे. तेव्हा वॅट महाग होता म्हणून स्पीकर संवेदनशील केले गेले. १९५८ चा लीक स्टिरिओ २० हा ईएल८४ ट्यूबचा ॲम्प दर चॅनलला दहाएक वॅट देतो, आणि १९५९ चा डायनाको एसटी-७० हा ईएल३४ वर ३५ वॅट देतो. दोन्ही पॉवर ॲम्प आहेत, त्यांना प्रीॲम्प वेगळा लागतो. ईएल८४ आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही बनवली, त्यामुळे जुन्या रेडिओ-कारागिरांच्या डब्यात ती अजून निघते. ट्यूबचा पहिला वॅट सहसा गोड असतो, पण भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली चार पॉवर ट्यूब पेटवून बसणे हा वेगळाच निश्चय आहे. ट्यूब ॲम्प स्पीकर न जोडता कधीही वाजवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाण्याचा धोका असतो आणि तोच सर्वांत महाग भाग आहे.

नवख्याने माझ्या मते ट्रान्झिस्टरपासून सुरुवात करावी, आणि तीही छोट्या यंत्रापासून. १९७८ चा नॅड ३०२० हा वीस वॅटचा ॲम्प प्री आणि मेनचे पूल घेऊन येतो. १९६७ चा क्वाड ३०३ हा पॉवर ॲम्प आउटपुटला कंडेन्सर लावून येतो, त्यामुळे आतला ट्रान्झिस्टर बिघडला तरी थेट डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) स्पीकरवर जाण्याचे भय जवळजवळ राहत नाही. सान्सुई, पायोनिअर, मरांट्झ, यामाहा, ट्रायो यांच्या सत्तरच्या दशकातल्या मालिकांत मोठ्या मॉडेलांची किंमत नावावर चढलेली असते; त्याच मालिकेतले वीस-तीस वॅटचे धाकटे भाऊ अनेकदा तितकेच शांत आणि निम्म्या किमतीत मिळतात. भारतीयांपैकी सोनोडाइन आणि कॉस्मिक यांचे ॲम्प आपल्या भागात हाताशी येतात आणि २३० व्होल्टसाठीच घडवलेले असतात, हा त्यांचा मोठा गुण.

ऐंशीच्या दशकात अनेक ॲम्पमध्ये सॅन्योच्या एसटीके आयसी आल्या, म्हणजे आउटपुट विभाग एकाच तुकड्यात बसवलेल्या. त्या वाईट वाजतात असे नाही. अडचण पुढची आहे : अस्सल एसटीके आता मिळणे कठीण आणि बाजारात नकली उदंड. आयसी मूळचीच असून चांगली चालत असेल तर घ्यावा, पण बदललेली दिसली तर किंमत पाडावी किंवा सोडून द्यावा.

वीज आणि ऊन

मुळात जपानी बाजारासाठीचा ॲम्प १०० व्होल्टचा असतो, अमेरिकी १२० व्होल्टचा. मागे व्होल्टेज सिलेक्टर नसेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. जपानच्या पूर्व भागात ५० हर्ट्झच असल्याने तिथली यंत्रे आपल्या विजेवर चालतात; फक्त ६० हर्ट्झसाठी घडवलेला अमेरिकी ट्रान्सफॉर्मर मात्र इथे जास्त तापतो आणि गुणगुणतो, त्याला हात लावून पाहावा.

सिलेक्टर २२० वर असला तरी काम संपत नाही. गावाकडच्या फीडरवर शेतीपंप बंद झाले की रात्री व्होल्टेज अडीचशेला टेकते, आणि नेमके तेव्हाच आपण ऐकायला बसतो. २२० साठी केलेल्या यंत्रात आतली सगळी व्होल्टेज मग चौदा टक्के वर जातात, ट्यूबचा ६.३ व्होल्टचा फिलामेंट ७.२ वर जळतो. २४० ची खूण असेल तर सिलेक्टर तिथे न्यावा, नाहीतर स्टॅबिलायझर लावावा. रिले पद्धतीचा स्टॅबिलायझर टप्पा बदलताना हॉर्नमधून ‘टक्’ ऐकवतो, सर्व्हो पद्धतीचा ऐकवत नाही. कूलर आणि फ्रिज शक्यतो वेगळ्या लाइनवर असावेत.

उष्णतेचा हिशेब सरळ आहे : इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे आयुष्य दर दहा अंशाला साधारण निम्मे होते. खोलीत ४४ अंश असताना बंद शोकेसमधल्या ॲम्पच्या पोटात किती होत असतील ते सांगायला नको. वर आणि बाजूंना वीतभर मोकळी जागा सोडावी, आणि कूलरचा ओला झोत थेट यंत्रावर येऊ देऊ नये.

विक्रेत्याकडे

झाकण उघडू न देणाऱ्याकडून काही घेऊ नये. आत फुगलेले किंवा बुडाशी ओघळलेले कंडेन्सर, करपलेली पट्टी, दोन चॅनलला वेगवेगळे ट्रान्झिस्टर हे पाहावे. एका बाजूला मूळचा सॅन्केन कंपनीचा ट्रान्झिस्टर आणि दुसऱ्या बाजूला चकचकीत नवा २एससी५२०० असेल तर दुरुस्ती घाईत झाली आहे. बटणे खरखरत असतील तर घाबरू नये, कॉन्टॅक्ट क्लीनरने ती बहुधा सुधारतात. एक खोडी मात्र संवेदनशील स्पीकरवरच उघडी पडते : हळू आवाजात एक चॅनल गायब होतो आणि आवाज वाढवला की परत येतो. म्हणजे स्पीकर रिलेचे किंवा स्पीकर निवडायच्या ए-बी स्विचचे संपर्क काळे पडले आहेत. बारीक प्रवाह त्या थरातून जात नाही. रिले बदलणे किरकोळ काम आहे, भाव करताना ते बोलून दाखवावे.

घरी आणल्यावर

थेट प्लग लावू नये. कोणत्याही रेडिओ कारागिराकडे सिरीज बोर्ड असतो. ६० किंवा १०० वॅटचा साधा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवून, स्पीकर न जोडता, ट्रान्झिस्टर ॲम्प चालू करावा. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. एलईडी बल्बाने ही परीक्षा होत नाही. ट्यूब ॲम्पची परीक्षा करताना मात्र आउटपुटला स्पीकर किंवा ८ ओहमचा जाड रेझिस्टर जोडलेला असावा.

नंतर बल्ब काढून, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने डीसी मोजावा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त जोडावे, शंभरच्या पुढे असेल तर आधी कारागीर गाठावा. हॉर्नच्या युनिटला क्रॉसओव्हरचा कंडेन्सर वाचवतो, पण वूफरच्या किंवा एकाच शंकूच्या फुलरेंज स्पीकरच्या कॉइलला कोणी वाचवत नाही, आणि चाळीस वर्षांपूर्वीची कॉइल परत तशी गुंडाळून मिळत नाही. म्हणून पहिला आठवडा घरातल्या एखाद्या हलक्या स्पीकरवर ॲम्प वाजवावा, दिवसाआड डीसी मोजावा, आणि यंत्र तासभर तापल्यावरचा आकडा थंड असतानाच्या आकड्याशेजारी लिहून ठेवावा. दोन्हींत फारसा फरक पडत नसेल तर आठव्या दिवशी मोठे बॉक्स जोडायला हरकत नाही.